वाचनालयाची तालिका संगणकावर आणताना : नव्या ग्रंथपालांसाठी

तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात नुकतंच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. दहा-पंधरा हजार पुस्तकं, त्यातली बहुतेक मराठी. एक ग्रंथपाल, एक लिपिक, एक शिपाई. कपाटभर दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकासह टिपलेल्या वह्या. आणि कार्यकारी मंडळाच्या सभेत झालेला ठराव, ‘यंदा सगळं संगणकावर घ्यायचं.’ ठराव झाला की लगेच विचारणा सुरू होते, सॉफ्टवेअर कोणतं? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी ठरवायचं ते नोंद कशी लिहायची आणि ती कोण लिहिणार.

इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी परदेशी ग्रंथालयांतून मिनिटभरात उतरवून घेता येतात. मराठी पुस्तकांचं तसं नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण तिथल्या नोंदींत शीर्षकं आणि लेखकांची नावं बहुतेक रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली चिन्हं देऊन लिहिलेली असतात. आपला वाचक तसं शोधत नाही. देवनागरीतली, नीट केलेली नोंद आपल्यालाच करावी लागते. म्हणून या कामात घाई करू नका. सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांनी बदलता येतं. चुकीच्या पद्धतीने लिहिलेल्या दहा हजार नोंदी कुणीही पुन्हा लिहीत नाही.

आधी वह्या

संगणक आला म्हणून दाखल नोंदवही बंद करायची नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. अनुदानाची, अ-ब-क-ड वर्गाची सगळी व्यवस्था त्याच्या आधाराने चालते, आणि तपासणीला आलेले अधिकारी दाखल नोंदवही मागतातच. वही चालू ठेवा आणि तिच्यातला दाखल क्रमांक हाच संगणकातल्या प्रत्येक प्रतीची ओळख ठेवा. नवे क्रमांक पाडण्याचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की वही आणि संगणक यांचा मेळ कायमचा तुटतो.

वह्या उघडल्यावर काही गोष्टी हमखास सापडतात. एकच क्रमांक दोन पुस्तकांना दिलेला असतो. बालविभागाची मालिका पुन्हा एकपासून सुरू झालेली असते. देणगीच्या पुस्तकांची वेगळी वही असते आणि तिचे क्रमांक मुख्य वहीशी टक्कर घेतात. हे सगळं टंकलेखन सुरू होण्याआधी सोडवा. सोपा मार्ग असा की प्रत्येक मालिकेला पुढे एक-दोन अक्षरं जोडायची, मुख्य मालिकेला काहीच नाही, बालविभागाला एक अक्षर, देणगीला दुसरं, आणि सगळे क्रमांक सारख्या अंकसंख्येत लिहायचे, म्हणजे ४७ ऐवजी ०००४७. बारकोडसाठी ही अक्षरं आणि अंक इंग्रजीच घ्या. वहीत देवनागरी अंक असले तरी चालेल. रद्द केलेली आणि हरवलेली पुस्तकं वहीत लाल शाईने दाखवलेली असतील तर ती संगणकात घेऊच नका. दाखवलेली नसतील, तर आधी शेल्फावरची पडताळणी करून घ्या. नसलेल्या पुस्तकांच्या नोंदी करण्यात महिने घालवलेली वाचनालयं मी पाहिली आहेत.

नोंद एक, प्रती अनेक

वहीत पाच प्रती म्हणजे पाच ओळी. संगणकात मात्र पुस्तकाची नोंद एकदाच होते आणि तिच्याखाली पाच प्रती जोडल्या जातात. शीर्षक, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, विषय हे नोंदीत. दाखल क्रमांक, बारकोड, किंमत, खरेदी की देणगी, कोणत्या कपाटात, सध्या कुणाकडे हे प्रतीत. नव्या माणसाला सगळ्यांत उशिरा पचते ती हीच गोष्ट. ती न समजता काम केलं, की एका लोकप्रिय कादंबरीच्या आठ वेगळ्या नोंदी तयार होतात आणि राखून ठेवण्याची सोय निकामी होते, कारण वाचकाने राखलेली नोंद एक आणि परत आलेली प्रत दुसऱ्याच नोंदीखालची.

पुनर्मुद्रण असेल तर त्याच नोंदीखाली नवी प्रत जोडा. मजकूर बदललेली, वाढवलेली आवृत्ती असेल, किंवा प्रकाशक बदलला असेल, तर नवी नोंद करा. आपल्याकडचे प्रकाशक पुनर्मुद्रणालाही ‘आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या शब्दावर न जाता शीर्षकपानाच्या मागचा तपशील आणि पृष्ठसंख्या पाहा.

नावं, आडनावं, टोपणनावं

मराठी तालिकेचं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीचं, यश-अपयश इथे ठरतं, म्हणून इथे रेंगाळू या.

लेखकाचं नाव आडनावापासून लिहायचं: देशपांडे, पु. ल. आता हेच नाव चार जण चार तऱ्हांनी लिहितात. पु.ल., पु ल, पु. ल., पुरुषोत्तम लक्ष्मण. संगणकाला हे चार वेगळे लेखक वाटतात. नियम एकच ठेवा आणि कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. मी सुचवतो तो असा: आडनाव, स्वल्पविराम, मोकळी जागा, आद्याक्षर, टिंब, मोकळी जागा, पुढचं आद्याक्षर, टिंब. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्री.’, ‘ॲड.’ या उपाध्या नावाच्या रकान्यात नकोत. शीर्षकपानावर छापल्या असतील तर शीर्षकानंतरच्या जबाबदारीच्या उल्लेखात, म्हणजे पुस्तक कुणी लिहिलं-संपादलं ते जसंच्या तसं उतरवतात तिथे, येऊ द्या. संतांना आडनाव नसतं. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई हे तसेच, सरळ.

टोपणनावांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. वि. वा. शिरवाडकरांनी कविता ‘कुसुमाग्रज’ म्हणून लिहिल्या आणि नाटकं स्वतःच्या नावाने. राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ होतात. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत ‘आरती प्रभू’. अशा वेळी पुस्तकावर जे नाव छापलं आहे तेच लेखकाच्या रकान्यात घ्या आणि दोन्ही नावं एकमेकांना ‘हेही पाहा’ अशा दुव्याने जोडा. या जोडणीसाठी चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणित नावांची वेगळी फाइल असते. तिथे एका नावाची सगळी रूपं एकत्र बांधता येतात. केशवसुत हे कृष्णाजी केशव दामले, हे अशा फाइलमध्ये एकदा सांगितलं की वाचक ‘दामले’ शोधो वा ‘केशवसुत’, पुस्तक सापडतंच. लेखिकांच्या बाबतीत ही फाइल फारच मोलाची, कारण माहेरचं नाव, सासरचं नाव आणि टोपणनाव अशी तीन नावं एकाच व्यक्तीची असू शकतात. मालतीबाई बेडेकर, बाळूताई खरे आणि विभावरी शिरूरकर ही एकच लेखिका. ती तीन ठिकाणी विखुरली गेली तर वाचकाला तिचं काम कधीच सलग दिसणार नाही.

शीर्षक जसं छापलं आहे तसं घ्या. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची पुस्तकं असतील तर त्यावर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पुढें’ अशी अनुस्वारांची रूपं असतील. ती सुधारू नका. पण आजचा वाचक ‘काही’ असंच शोधणार, म्हणून दुसरं रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात भरा. शीर्षकात आकडा असेल तर तसंच करायचं: छापलेला ‘१८५७’ मुख्य शीर्षकात, इंग्रजी आकड्यांतला आणि अक्षरी ‘अठराशे सत्तावन्न’ पर्यायी शीर्षकात.

जुन्या पुस्तकांवर इसवी सन नसतो, शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. शके १८५० म्हणजे १९२८. पौषाच्या आसपास नवं इंग्रजी वर्ष लागतं, त्यामुळे तिथून फाल्गुनाअखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात. वर्षाच्या रकान्यात इसवी सन, टिपेत छापील शके, असं दोन्ही ठेवा.

विषयाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. इंग्रजीत संगणक शब्दाची अनेकवचनी वगैरे रूपं ओळखून घेतो. मराठीसाठी अशी तयार सोय बहुतेक तालिकांत नाही. वाचकाने ‘मराठे’ असं शोधलं तर ‘मराठ्यांचा’ हा शब्द असलेलं शीर्षक त्याला मिळेलच असं नाही. विषयाच्या रकान्यात ‘मराठे – इतिहास’ असं मूळ रूपातलं विषयशीर्षक दिलं तर ते पुस्तक मिळतं. विषयशीर्षकांची आपली यादी करा, दोन-तीनशे पुरतात, आणि यादीबाहेरचा शब्द टंकलेखकाने स्वतःहून घालायचा नाही.

वर्गीकरणाबद्दल एक आग्रहाचं सांगणं: संगणकीकरण आणि पुनर्वर्गीकरण एकाच वेळी हाती घेऊ नका. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. पुढे १ लावला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. तुमच्याकडे ही पद्धत चालू असेल तर उत्तम. नसेल आणि पुस्तकं ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘धार्मिक’ अशा गटांत दाखल क्रमांकाने लावलेली असतील, तर तीच खूण मागणी क्रमांकाच्या, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणाऱ्या, रकान्यात घाला आणि पुढे चला. दोन्ही कामं एकदम काढलेली वाचनालयं बहुधा दोन्ही अर्धवट सोडतात.

आता सॉफ्टवेअर

मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘कोहा’ सगळ्यांत भक्कम. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताना चालणार नव्हतं, म्हणून कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून त्यांनी ते १९९९ मध्ये करून घेतलं आणि जानेवारी २००० पासून वापरायला घेतलं. पुढे ते सर्वांना खुलं केलं. आज जगभरचे लोक मिळून ते सांभाळतात; दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. ते लिनक्सवर चालतं आणि वापर ब्राउझरमधून होतो. त्यामुळे सर्व्हर एक असला तरी देवघेवीच्या टेबलावर कोणताही साधा संगणक चालतो.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, तयार केलेलं ‘ई-ग्रंथालय’ हा दुसरा पर्याय. त्याची चौथी आवृत्ती पूर्णपणे ब्राउझरवर चालते, त्यामुळे सर्व्हर सांभाळण्याचं ओझं वाचनालयावर पडत नाही. तुमच्या संस्थेला ते कोणत्या अटींवर मिळू शकतं हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तिसरं ‘सोल’, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं. ते मुख्यतः महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी घडवलेलं आहे; महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असाल तर त्याचा विचार जरूर करा. याशिवाय खासगी कंपन्यांची सशुल्क सॉफ्टवेअरही आहेत. जवळपास तंत्रज्ञ मिळत नसेल तर तेही वाईट नाही.

कोणतंही घ्या, पैसे देण्याआधी विक्रेत्याला किंवा सेवा देणाऱ्याला एक गोष्ट लेखी विचारा: उद्या आम्ही दुसरीकडे गेलो तर आमचा सगळा डेटा मार्क स्वरूपात (ग्रंथालयांच्या नोंदींची ठरलेली मांडणी, तिच्याबद्दल पुढे) आणि एक्सेलमध्ये, देवनागरी युनिकोडसह (कोणत्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी अक्षरं), आम्हाला स्वतःला काढून घेता येईल का? ‘हो, आम्ही काढून देऊ’ हे उत्तर पुरेसं नाही. बटण कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि शंभर नोंदी तिथल्या तिथे काढून बघा.

माझी पसंती कोहाला आहे, मात्र एका अटीवर: जिल्ह्याच्या ठिकाणी का होईना, लिनक्स येणारा एक माणूस हाताशी हवा. महाविद्यालयांचे ग्रंथपाल यात फार मदत करतात. अनेक महाविद्यालयांत कोहा आधीच चालू आहे, तिथे जाऊन अर्धा दिवस बसा.

मार्कला घाबरू नका

कोहात नोंद करायला घेतली की पडद्यावर आकडे दिसतात: १००, २४५, २६०. नवा माणूस इथेच बिचकतो. मार्क २१ ही नोंदींची आंतरराष्ट्रीय मांडणी आहे आणि लहान वाचनालयाला त्यातले डझनभर आकडे पुरतात. ०२० मध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ०४१ मध्ये भाषा, ०८२ मध्ये ड्यूई अंक, १०० मध्ये लेखक, २४० मध्ये अनुवादाचं मूळ शीर्षक, २४५ मध्ये शीर्षक-उपशीर्षक-जबाबदारी, २४६ मध्ये पर्यायी शीर्षक, २५० मध्ये आवृत्ती, २६० किंवा २६४ मध्ये गाव-प्रकाशक-वर्ष, ३०० मध्ये पृष्ठसंख्या, ५०० मध्ये टीप, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये सहलेखक, संपादक आणि अनुवादक. ९५२ हा कोहाचा स्वतःचा रकाना, त्यात प्रतीची माहिती.

बाकीचे शेकडो रकाने पडद्यावर दिसूच नयेत अशी व्यवस्था करता येते. कोहात ‘फ्रेमवर्क’ म्हणून नमुना-अर्ज बनवता येतात. मराठी पुस्तकासाठी एक छोटं फ्रेमवर्क बनवा, रकान्यांना मराठी नावं द्या, भाषेचा संकेत आधीच भरून ठेवा. हे एक दिवसाचं काम पुढचे महिने वाचवतं.

युनिकोड आणि एक्सेल

जुना डेटा आधीच कुठेतरी टंकलेला असेल तर तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते पाहा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये अगम्य चिन्हं दिसतील. बदल झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या डोळ्यांनी तपासा. यंत्र तिथेच चुकतं.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ यातला ऱ वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन तऱ्हांनी साठवला जातो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. ‘ॲ’चंही तसंच. उपाय साधा आहे: वाचनालयातल्या सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवा, शक्यतो इन्स्क्रिप्ट, आणि फोनवरून टंकून आणलेल्या याद्या तशाच चिकटवू नका.

नोंदी थेट सॉफ्टवेअरमध्ये कराव्यात की आधी एक्सेलमध्ये? इंटरनेट भरवशाचं असेल आणि नोंद करणारा एकच माणूस असेल तर थेट करा. तीन-चार विद्यार्थी सुट्टीत मदतीला येणार असतील तर तक्ता बरा. त्यासाठी लिब्रेऑफिस कॅल्क वापरा. साठवताना यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडा. एक्सेलच असेल तर आयएसबीएन आणि दाखल क्रमांकाचे रकाने सुरुवातीलाच ‘मजकूर’ प्रकारचे करून ठेवा, नाहीतर तेरा आकडी आयएसबीएनचं ९.७८ आणि पुढे घातांक असं काहीतरी होतं आणि ०००४७ चा नुसता ४७ उरतो. तयार तक्त्याचं मार्कमध्ये रूपांतर ‘मार्कएडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर करून देतं. पहिल्यांदा पन्नासच ओळी चढवा, पडद्यावर एकेक नोंद उघडून पाहा, मगच बाकीच्या.

आयएसबीएनवर फार विसंबू नका. तेरा आकडी क्रमांक जानेवारी २००७ पासून आले, त्याआधी दहा आकडी होते, आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. भारतातल्या तेरा आकडी क्रमांकांत ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ दिसतो. नव्या इंग्रजी पुस्तकाचा क्रमांक टाकून कोहातून बाहेरच्या ग्रंथालयांत शोध घेता येतो आणि नोंद तयार मिळते. विद्यापीठीय पुस्तकांसाठी इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिकाही बघण्यासारखी आहे.

कोहा उभारताना ठरवायच्या गोष्टी

साधारण वाचनालयाला आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला एक संगणक सर्व्हर म्हणून पुरतो. सोबत यूपीएस हवाच. मध्येच वीज गेली आणि सर्व्हर एकदम बंद पडला तर डेटाबेस बिघडू शकतो. तंत्रज्ञाला एक गोष्ट आवर्जून सांगा: कोहाच्या ‘झेब्रा’ या शोधयंत्रात आयसीयू ही वेगवेगळ्या लिपी हाताळणारी पद्धत चालू करायची आहे. मूळ मांडणी लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. तशीच राहिली तर देवनागरी शोध नीट लागत नाही. ‘सगळं चढवलं पण काहीच सापडत नाही’ या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

मग प्रशासनाच्या पानावर जाऊन आपल्या वाचनालयाचं नाव, प्रकार आणि नियम भरायचे. प्रतींचे प्रकार विषयावरून पाडू नका, देवघेवीच्या नियमावरून पाडा. कादंबरी आणि चरित्र दोन्ही पंधरा दिवसांसाठीच जात असतील तर त्यांचा प्रकार एकच. संदर्भग्रंथ घरी जात नाहीत, मासिकं सात दिवसांसाठी जातात, बालविभागाची मुदत वेगळी. एवढे प्रकार पुरे. सभासदांचे गट तुमच्या घटनेप्रमाणे: साधारण, बाल, आजीव. प्रत्येक गटाला प्रत्येक प्रकारची किती पुस्तकं, किती दिवस आणि दंड किती, हे एका तक्त्यात भरलं की टेबलावरचे वाद खूप कमी होतात. साप्ताहिक सुट्टी आणि सण कॅलेंडरमध्ये टाका, म्हणजे वाचनालय बंद असलेल्या दिवशी पुस्तक परत देण्याची तारीख पडणार नाही.

दिवाळी अंक

परदेशी बनावटीच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला न सुचणारी ही आपली गरज. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपली वाचनालयं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या अंकांवर गजबजलेली असतात, अनेक ठिकाणी त्याची वेगळी वर्गणी असते. कोहात नियतकालिकांचा वेगळा विभाग आहे, पण वर्षाला एकच अंक घेत असाल तर त्या विभागाची यातायात करू नका. प्रत्येक अंकाची पुस्तकासारखी नोंद करा: शीर्षकात नाव, त्यापुढे ‘दिवाळी’ आणि वर्ष, संपादक ७०० मध्ये. त्यासाठी प्रतीचा वेगळा प्रकार करा, मुदत चार-पाच दिवस. आणि जमलं तर एक जादा काम जरूर करा: अंकातल्या महत्त्वाच्या लेखकांची आणि लेखांची नावं अनुक्रमणिकेच्या टिपेत, ५०५ मध्ये, घाला. कितीतरी चांगल्या कथा फक्त दिवाळी अंकांत छापून तिथेच राहिल्या आहेत. तुमच्या नोंदीमुळे त्या सापडतील.

कामाचा क्रम, लेबलं, स्कॅनर

सरावलेला माणूस तासाला दहा-बारा नीट नोंदी करतो, असा अंदाज धरा. रोज चार तास दिले तर दहा हजार शीर्षकांना सुमारे साडेआठ-नऊ महिने लागतात, तेही रोज काम झालं तर. कार्यकारी मंडळाला हे आधीच सांगून ठेवा. कामाला पहिल्या कपाटापासून सुरुवात करू नका. आज नवीन आलेलं पुस्तक आणि आज परत आलेलं पुस्तक आधी घ्या. वाचली जाणारी पुस्तकं अशा रीतीने दोन-तीन महिन्यांतच संगणकात येतात आणि देवघेव लवकर सुरू करता येते. मग कपाटं. दुर्मीळ, जीर्ण पुस्तकं शेवटी आणि स्वतः ग्रंथपालाने, कारण तिथे विचार करावा लागतो.

बारकोडची लेबलं लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल धरते आणि पसरते. जागा सगळ्या पुस्तकांवर एकच ठेवा. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा छापील मजकुरावर लेबल चिकटवू नका. कागदाची वेगळी पट्टी आत ठेवून तिच्यावर बारकोड लावा. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावण्याची सवय सोडा, ती पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन निघते. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. स्कॅन करताना भाषा मराठीवर राहिली तर अक्षरं उलटसुलट उमटतात आणि ‘पुस्तक सापडत नाही’ असं दिसतं. टेबलावरच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी दाखवा.

सभासदांची माहिती आणि बॅकअप

सभासदाचं नाव, पत्ता, फोन, वर्गणीची मुदत एवढं पुरतं. आधार क्रमांक संगणकात साठवू नका. त्याची गरज नाही आणि जबाबदारी मोठी आहे. कुणी कोणती पुस्तकं वाचली याचा इतिहासही पुस्तक परत आल्यावर नावापासून तोडून टाकण्याची सोय कोहात आहे, ती वापरा. माणूस काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट आहे आणि तिची राखण करणं ग्रंथपालाच्या कामातच येतं.

बॅकअप रोज, आपोआप, आणि त्याची एक प्रत इमारतीबाहेर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा पाण्यात गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पुस्तकं वाचवता येत नाहीत तेव्हा निदान काय होतं याची यादी तरी हाती राहावी. आठवड्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवा, शिवाय इंटरनेटवर एक. आणि सहा महिन्यांनी एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून खरंच उघडतो का ते पाहा.

नोंदी पुढे द्या

पाच-सहा हजार नोंदी झाल्या की तुमच्याकडे आजूबाजूच्या कुठल्याही वाचनालयाला उपयोगी पडेल असं काहीतरी तयार झालेलं असतं. मराठी सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं बरीचशी सारखीच असतात. शेजारच्या गावचा ग्रंथपाल तीच कादंबरी पुन्हा पहिल्यापासून टंकत बसला आहे. कोहातून डेटा मार्कमध्ये बाहेर काढताना प्रतींची माहिती, म्हणजे ९५२, वगळण्याचा पर्याय निवडा. सभासदांचा डेटा या फाइलमध्ये येतच नाही. ती फाइल आणि सोबत नावं लिहिण्याच्या तुमच्या नियमांचा तो कागद त्यांना द्या. त्यांनी चढवताना आधी शीर्षक आणि वर्ष जुळतंय का ते तपासायचं, जुळलं तर फक्त आपली प्रत जोडायची. त्यांना सापडलेल्या चुका तुमच्याकडे परत येतील. त्या आपल्या नोंदीत त्याच आठवड्यात दुरुस्त करा.